बीईटीचा आकडा दणदणीत, तरी सेल का कोसळतो?

प्रश्न असा आहे: कार्बनचं क्षेत्रफळ बीईटीने (नायट्रोजन चिकटवून पृष्ठभाग मोजायच्या पद्धतीने) १४०० चौ.मी. प्रति ग्रॅम आलं, त्यावर बसवलेलं उत्प्रेरक प्लॅटिनम रोटेटिंग डिस्कवर (आम्लात फिरणाऱ्या चकतीवरच्या चाचणीत) झकास चाललं, पण हायड्रोजन इंधन सेलच्या कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजन वापरणाऱ्या इलेक्ट्रोडवर, १ अँपिअर प्रति चौ.सेमी.च्या पुढे व्होल्टेज धाडकन पडतं.

मी आधी १४०० कडेच संशयाने बघेन. उणे १९६ अंशांना नायट्रोजन जिथे जिथे चिकटतो ती सगळी जागा बीईटी मोजते. त्यातली बरीचशी २ नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांत असणार, आणि ३ नॅनोमीटरचा प्लॅटिनमचा कण तिथे मावतच नाही.

दुसरं म्हणजे डिस्कची चाचणी लाड करते. उत्प्रेरक आम्लात बुडालेला, त्यामुळे प्रोटॉन छिद्राच्या तळापर्यंत आयता पोचतो. करंटही काही मिलिअँपिअरच. सेलमध्ये आम्लाऐवजी आयोनोमर, म्हणजे प्रोटॉन वाहून नेणारा पॉलिमर, आणि तो अरुंद छिद्रांत शिरत नाही. आतल्या प्लॅटिनमला प्रोटॉन मिळतो तो छिद्रातल्या पाण्यातून. करंट वाढला की तेच पाणी ऑक्सिजनची वाट अडवतं.

मग सगळं प्लॅटिनम बाहेरच बसवावं? तेही नको. आयोनोमरचे सल्फोनेट गट त्याला चिकटून त्याची सक्रियता मारतात. म्हणून तर केटजेनब्लॅकसारख्या आतून सच्छिद्र कार्बनवर कमी करंटला कामगिरी चांगली दिसते, आणि व्हल्कन या बऱ्यापैकी भरीव कार्बनवर ऑक्सिजन सहज पोचतो. दोन्ही साधायचं तर साधारण ४ ते ७ नॅनोमीटरची, तोंड मोकळं असलेली छिद्रं हवीत. बाटलीसारखं निमुळतं तोंड असेल तर आतली रुंदी वाया.

आता तपासणी. कार्बन मोनॉक्साइड स्ट्रिपिंग (प्लॅटिनमवर हा वायू चिकटवून विजेने काढायचा, त्यावरून प्लॅटिनमचं क्षेत्रफळ कळतं) भरपूर आर्द्रतेत करा, मग कोरड्यात. कोरड्यात प्लॅटिनमचं क्षेत्रफळ बरंच घटलं, तर तेवढं प्लॅटिनम आयोनोमरपासून तुटलेलं, आत दडलेलं आहे. मग हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन द्या. पडणारं व्होल्टेज सावरलं तर अडचण ऑक्सिजन पोचण्याचीच. ऑक्सिजन तिथे पोचतच नसेल तर आयोनोमर वाढवू नका, उत्प्रेरकाचा थर आणखी गुदमरेल.

झिफ-८ या जस्त असलेल्या सच्छिद्र पदार्थापासून केलेल्या लोह-नायट्रोजन-कार्बनचं, म्हणजे प्लॅटिनमविना चालणाऱ्या उत्प्रेरकाचं, गणित वेगळं. तिथे थर प्लॅटिनमच्या थराच्या कैक पट जाड असतो, त्यामुळे सूक्ष्म छिद्रांआधी ५० नॅनोमीटरवरच्या मोठ्या वाटा मोकळ्या आहेत का ते पाहा.