भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, खाडी आंतरराष्ट्रीय यादीत गेली, आता आपल्यासारख्यांसाठी काय काम उरलं, असं तू विचारलंस. खरं काम आता सुरू झालंय असं मला वाटतं. का ते जरा सविस्तर लिहितो.

इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यालाच रामसर करार म्हणतात, आणि भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. आज आपल्या देशातल्या नव्वदहून अधिक पाणथळ जागा यादीत आहेत. महाराष्ट्रातल्या तीन: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि आपली खाडी. यादीत येण्याचे नऊ निकष आहेत. त्यातले दोन तू पाठच कर, कारण ते मोजणीवर उभे आहेत. जिथे नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी येतात ती जागा एका निकषात बसते आणि जिथे एखाद्या प्रजातीच्या जगातल्या एखाद्या समूहाचा एक टक्का तरी येतो ती दुसऱ्यात. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं चिखलाच्या काठावर उभं राहून पक्षी मोजले नसते, तर दर्जा मागण्याची कागदपत्रं भरताच आली नसती.

पण दर्जा मिळाला म्हणून जागा आपोआप वाचत नाही. करारात अतिक्रमण करणाऱ्याला शिक्षा करण्याची तरतूद नाही. तो सरकारकडून वचन घेतो की जागेचा सुज्ञ वापर होईल आणि तिचं नैसर्गिक रूप बिघडू लागलं तर कळवलं जाईल. बिघडलेल्या जागांसाठी माँत्रो नोंद नावाची वेगळी यादी आहे. राजस्थानातलं केवलादेव १९९० पासून आणि मणिपूरचं लोकताक १९९३ पासून तिच्यात आहेत. ओडिशाचं चिलिकाही १९९३ मध्ये त्यात गेलं होतं. गाळ साचून समुद्राशी असलेलं त्याचं नातं तुटत चाललं होतं, खारटपणा घटला, गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासळी आटली. २००० मध्ये तिथे नवं मुख खोदलं, समुद्राचं पाणी पुन्हा आत येऊ लागलं आणि २००२ मध्ये चिलिका त्या नोंदीतून बाहेर पडलं. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. तिथे आधी पाण्याची वाट मोकळी केली आणि मग मासळीही परतली. पाणथळ जागेचं दुखणं बहुधा पाण्याच्या वाटेत असतं, हे मनात पक्कं धर.

आता आपल्या खाडीकडे ये. रामसर क्षेत्र सुमारे ६,५०० हेक्टरचं आहे. त्यातलं साधारण १,७०० हेक्टर म्हणजे २०१५ मध्ये जाहीर झालेलं रोहित पक्षी अभयारण्य. नकाशावर हे क्षेत्र भरगच्च दिसतं. पण ओहोटीला उघडा पडणारा चिखल हा रोहितांचा, तुतारींचा, मालगुजांचा जेवणाचा भाग आहे. भरती आली की तो पाण्याखाली जातो आणि हजारो पक्ष्यांना दोन-तीन तास टेकायला कोरडी किंवा उथळ जागा लागते. ती त्यांना भांडुपच्या परिसरात मिळते, खाडीकाठच्या मिठागरांत मिळते, नेरूळच्या तलावांत मिळते, उरणच्या पाणजेला मिळते. यातल्या बऱ्याच जागा रामसर सीमेच्या बाहेर आहेत. त्या गेल्या तर सीमेच्या आतला चिखल कितीही जपला तरी पक्ष्यांना उडतच राहावं लागेल आणि मग ते इथे यायचेच थांबतील. माझं तुला सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे की, भरतीच्या वेळी पक्षी जिथे टेकतात त्या जागा तू सांभाळ.

मिठागरांबद्दल आणखी एक. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत, मीठ पिकवण्यासाठी मुद्दाम बांधलेली जागा पाणथळ धरलेली नाही. पक्ष्यांना ती व्याख्या ठाऊक नाही. मिठागरांवर घरं बांधायच्या योजना निघतात तेव्हा हा मुद्दा पुढे येतो आणि अशा वेळी तुझ्याकडे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नकाशा, गट नंबर आणि सातबारा हवा. नुसती कळकळ घेऊन सुनावणीला गेलास तर ती ऐकून घेतील आणि पुढचं प्रकरण काढतील.

नोंद कशी ठेवायची ते सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत उधाणाची भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमाराला असते, त्यामुळे त्या दिवशी घरून निघायला उशीर चालतो. आधी भरतीचं कोष्टक बघ. एकच जागा निवड, शक्यतो घराजवळची, आणि दर पंधरवड्याला तिथेच जा. एकाच खांबापाशी उभं राहून त्याच दिशेला फोटो काढ. थवा मोठा असला की आधी दहा पक्षी नीट मोज आणि तेवढ्या आकाराचा ठोकळा मनात धरून सगळ्या थव्यावर फिरव, म्हणजे असे किती ठोकळे होतात ते कळेल. पक्षी नसले तरी शून्य लिही. लोक शून्य लिहीत नाहीत आणि मग तलाव मरताना त्याचा पुरावा मागे राहत नाही.

पुरावा का लागतो ते ऐक. खाडीशी जोडलेल्या तलावात भरतीचं पाणी मोऱ्यांतून शिरतं. मोरी बुजली की तलाव सुकतो, मासे मरतात, पक्षी जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत कोणीतरी म्हणतं, इथे पाणी कुठे आहे, ही तर मोकळी जमीन. ज्या दिवशी तू मोरी बंद पाहशील त्याच दिवशी तारीख, वेळ आणि फोटो टाकून लेखी तक्रार कर, वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि महापालिकेकडे दोन्हीकडे. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.

कोळ्यांशी मात्र जुळवून घे. सुज्ञ वापर हा करारातला शब्द कोळीवाड्यात जगला जातो. निवट्या कुठे आहेत, बोय कधी शिरते, तिवरांत चिंबोरी कुठे दडते, कोणत्या नाल्यातून कोणत्या महिन्यात काळं पाणी येतं, हे कोणत्याही अहवालाआधी त्यांना कळतं. पक्ष्यांसाठी त्यांना हटवायचं अशी भाषा कोणी करू लागला तर तू त्यांच्या बाजूने उभा राहा. ती माणसं गेली की खाडीकडे रोज बघणारे डोळे जातात.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक त्यात आहेत. त्यांच्याशी डिसेंबरातच बोलून घे आणि एखाद्या अनुभवी मोजणाऱ्याबरोबर पहिली फेरी कर. दुर्बीण नसेल तर माझी जुनी आठ-बाय-चाळीसची आहे, ती घेऊन जा. तुझी पहिली वही भरली की मला दाखव. अंकांशेजारी भरतीची उंची लिहिली आहेस का, ते मी आधी बघणार आहे.

तुझा,
काका