स्विच, ब्रिज आणि लूप: तुमचे प्रश्न

प्रश्न: कोणीतरी एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली आणि अख्खं नेटवर्क बसलं. एवढ्याशा केबलने एवढं होतं?

होतं, आणि काही सेकंदांत होतं. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल, म्हणजे त्याचं आयुष्य मोजणारा आकडा, असतो, प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकून देतो, पण इथरनेट फ्रेममध्ये (स्विच पुढे पाठवतो ती डेटाची पाकिटं) असलं काहीच नाही. आता एखाद्या पीसीने एआरपी रिक्वेस्ट (हा आयपी कोणाचा, अशी विचारणा) पाठवली, ती ब्रॉडकास्ट, म्हणजे स्विच ती आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर काढणार, लूपमधून तीच परत आत येणार, परत सगळीकडे जाणार, आणि हे दोन्ही दिशांनी चालू राहणार. त्यात त्या पीसीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) स्विचला कधी या पोर्टावर दिसतो कधी त्या, त्यामुळे मॅक टेबलही (कोणता पत्ता कुठल्या पोर्टावर, ही स्विचची यादी) सारखं बदलत राहतं. सगळे लाइट एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले की आधी लूप शोधा. केबल काढली की हे फ्रेमचं वादळ तिथेच थांबतं.

प्रश्न: मग दोन स्विचमध्ये बॅकअप म्हणून दुसरी केबल टाकायचीच नाही का?

टाका की, जरूर टाका! त्यासाठीच तर स्पॅनिंग ट्री (एसटीपी) आहे. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना हे शोधलं आणि आजही आपण त्याच पायावर उभे आहोत. स्विच दर 2 सेकंदांनी एकमेकांना बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचे छोटे निरोप) पाठवतात, आपल्यातला एक रूट, म्हणजे झाडाचं मूळ, ठरवतात आणि जी वाट जादा आहे तिचा पोर्ट ब्लॉक करतात. ब्लॉक पोर्ट डेटा सोडत नाही, पण बीपीडीयू ऐकत असतो, म्हणून मुख्य केबल तुटली की तो उघडतो. दोन्ही केबलचा स्पीड एकत्र हवा असेल तर एलएसीपी (दोन्ही केबल मिळून एकच लिंक) करा, पण दोन्ही टोकांना.

प्रश्न: पीसी लावला की अर्धा मिनिट आयपीच मिळत नाही. एकजण म्हणतो एसटीपी बंद करून टाक.

अजिबात करू नका. जुन्या एसटीपीत पोर्ट 15 सेकंद लिसनिंग आणि 15 सेकंद लर्निंगमध्ये असतो, तुमचा अर्धा मिनिट तोच. फक्त पीसी किंवा प्रिंटर लागतो तो पोर्ट एज, म्हणजे टोकाचा, करा, सिस्कोवाले त्याला पोर्टफास्ट म्हणतात, आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावाच, म्हणजे कोणी तिथे स्विच जोडून बीपीडीयू आला की पोर्ट सरळ बंद होतो. स्विचमध्ये आरएसटीपी (एसटीपीची वेगवान आवृत्ती) असेल तर तोच चालू करा, 2001 पासून आहे आणि लिंक तुटल्यावर कितीतरी लवकर सावरतो.

प्रश्न: कोपऱ्यातला सगळ्यात जुना स्विच रूट झालाय, असं का?

कारण कोणी ठरवलंच नाही. प्रायॉरिटीचा आकडा लहान तो रूट, पण सगळ्यांची डिफॉल्ट 32768, बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो जिंकतो, आणि जुन्या स्विचचा बऱ्याचदा लहान असतो. मग सगळा ट्रॅफिक त्या म्हाताऱ्या स्विचकडून वळसा घेऊन जातो. कोअर (मधल्या मुख्य) स्विचला 4096 द्या, त्याच्या जोडीदाराला 8192. आकडा 4096 च्या पटीतच लागतो.

प्रश्न: लिनक्स मशीनमध्ये दोन नेटवर्क कार्डं ब्रिज केलीत (म्हणजे स्विचसारखी जोडलीत), काही काळजी घ्यावी?

हो. लिनक्स ब्रिजमध्ये एसटीपी डिफॉल्टने बंद असतं, दोन्ही कार्डं एकाच नेटवर्कला लागली की लूप तयार, तेव्हा ते आधी चालू करा.

प्रश्न: साध्या अनमॅनेज्ड (सेटिंग करता येत नाही अशा) स्विचमध्ये लूप झाला तर?

तो स्वतः एसटीपी चालवत नाही. काही असे स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देतात, तेव्हा वरच्या मॅनेज्ड स्विचला स्वतःचाच बीपीडीयू परत दिसतो आणि बीपीडीयू गार्ड तो पोर्ट पाडतो. काही मात्र बीपीडीयू गिळून टाकतात, तिथे गार्डला काही कळतच नाही, म्हणून वरच्या स्विचच्या त्या पोर्टवर स्टॉर्म कंट्रोलही (ब्रॉडकास्ट मर्यादेबाहेर गेले की अडवणारी सेटिंग) लावून ठेवा.