विचारा तर खरं : ३९ फूट, ४३ फूट आणि खराट्याची काडी

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी कोडिंगचे क्लास लावलेत, पण तिथं दीड तास टॅबसमोर बसवतात. घरात मोबाइल आधीच सुटत नाही. टॅबशिवाय हे शिकवता येतं का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येतं, आणि तिसरीतल्या मुलाला तसंच शिकवावं. काम बारीक पायऱ्यांत तोडायचं आणि कुठली पायरी चुकली ते शोधायचं, हेच कोडिंगचं मूळ. त्याला घरातली फरशी पुरते. सहा बाय सहा फरश्या खडूनं आखून घ्या. तीन-चार फरश्यांवर चपला ठेवा, त्या भिंती. एका कोपऱ्यात वाटी. तुम्ही रोबो व्हा आणि हुकूम मुलाला लिहू द्या. हुकूम चारच : 'एक घर पुढे', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ', 'उचल'. सगळे हुकूम आधी कागदावर उतरले पाहिजेत, मगच चालायला लागायचं.

सुरुवातीला दोन चुका हमखास होतात. 'डावीकडे वळ' म्हटलं की वळून एक घर पुढंही जायचं, असं मुलं धरून चालतात. वळायचं ते जागच्या जागी, पुढं जायला वेगळा हुकूम. दुसरी चूक म्हणजे रोबो मुलाकडे तोंड करून येत असला की डावं-उजवं उलटं होतं. मुलाला उठून रोबोच्या पाठीमागं उभं राहू द्या, लगेच उमगतं. तुम्ही मात्र त्याला काय म्हणायचं होतं ते ओळखून बरोबर वाटेनं जायचं नाही. चपलेवर पाय पडणार असेल तर पडू द्या आणि तिथंच थांबा. चुकलेल्या ओळीला खूण करायची, ती सुधारायची, पुन्हा पहिल्या घरापासून सुरू. एकच हुकूम चार-चारदा लिहून तो कंटाळला, की मग 'पुढे × ४' असं लिहिता येतं ते दाखवा. कंटाळायच्या आधी दाखवलं तर त्याची गरज कळत नाही.

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या शाळेत सातवीला शिकवतो. पट ३२, संगणक दोन, त्यातला एक बंद. सेन्सर, ऑटोमेशन हे पुस्तकातून मुलांच्या गळी उतरत नाही. कमी खर्चात काय करता येईल?
– एक शिक्षक

उत्तर : सर, पावसाळ्यात तुमच्याकडे घराघरांत एकच चौकशी असते : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पंचगंगेकाठच्या पोरांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. तिथूनच सुरुवात करा.

आधी वहीत नियम लिहायला सांगा. बरेच गट असं लिहितील : 'पातळी ३९ किंवा जास्त असेल तर इशारा. नाहीतर, ४३ किंवा जास्त असेल तर धोका. नाहीतर ठीक.' वाचायला बरोबर वाटतं. आता त्यात ४४ घालून बघा. पहिलीच अट खरी ठरते, उत्तर येतं 'इशारा', आणि धोक्याची ओळ कधी वाचलीच जात नाही. ४३ ची अट आधी हवी. पण हे तुम्ही सांगू नका. फळ्यावर ३८, ३९, ४२, ४३, ४४ लिहा आणि प्रत्येक गटाला हे पाचही आकडे आपापल्या नियमातून काढायला लावा. ज्यांनी '३९ च्या वर' लिहिलंय, त्यांचा घोळ नेमका ३९ ला सापडतो.

मग यंत्र. पाच-सहा मुलांच्या गटाला दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, थर्माकोल, खराट्याची सरळ काडी, स्ट्रॉचा चार सेंमी तुकडा, जाड पुठ्ठा, पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल, दोन पेन्सिल सेल, त्यांचा होल्डर, थोडी तार आणि ३ व्होल्टवर वाजणारा बझर लागेल. बझर घेताना 'ॲक्टिव्ह' असा सांगून मागा. नुसती पिझो चकती सेलला लावली तर टक् करते आणि गप्प बसते.

बाटली तळापासून २५ सेंमीवर कापा. बाहेरून पट्टी उभी चिकटवा. अर्धा सेंमी म्हणजे एक फूट, म्हणजे १९.५ सेंमीला ३९ फूट आणि २१.५ ला ४३ फूट. थर्माकोलची ६ सेंमी रुंद, २ सेंमी जाड चकती कापून मधोमध काडी उभी खोचा. बाटलीच्या तोंडावर पुठ्ठ्याचं झाकण, मधल्या भोकात स्ट्रॉ, कडेला पाणी ओतायला खाच. काडी स्ट्रॉमधून वर येते. तिच्या टोकावर ३ सेंमीची पुठ्ठ्याची चकती, वरच्या अंगाला फॉइल. या चकतीच्या वर झाकणावरच पुठ्ठ्याची कमान उभी करा आणि कमानीच्या खालच्या अंगाला फॉइलच्या दोन पट्ट्या लावा, मध्ये ५ मिमी फट. एका पट्टीला होल्डरची धन तार, दुसरीला बझरची लाल. बझरची काळी तार होल्डरच्या ऋण तारेला. पाणी १९.५ ला आलं की चकती दोन्ही पट्ट्यांना टेकेल, एवढीच काडी ठेवा.

वाजलं नाही तर आधी काडी बघा, वाकडी असली की स्ट्रॉत अडकते. मग फॉइलवर गोंद आलाय का ते बघा, गोंदातून वीज जात नाही. ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, म्हणून तार फॉइलच्या घडीत घालून स्टेपल मारा. एखादा गट तरंगत्या चकतीऐवजी दोन उघड्या तारा पाण्यात सोडेल. नळाच्या पाण्यातून इतक्या कमी व्होल्टेजला प्रवाह फारच थोडा जातो, बझर वाजत नाही. त्यांना करू द्या. मीठ टाकून वाजवतीलही, पण तारांवर बुडबुडे येतात आणि धनाकडची तार हळूहळू खराब होते.

एक गोष्ट वर्गात मुद्दाम दाखवा. पाणी नेमकं काठावर असताना बाटलीला हलका धक्का द्या. बझर कर्र... कर्र... असा तुटक वाजतो. यंत्र बिघडलेलं नसतं. टाकीच्या ऑटोमॅटिक पंपाची चालू व्हायची आणि बंद व्हायची पातळी वेगवेगळी ठेवतात ती याच कारणानं. नाहीतर प्रत्येक लाटेला पंप चालू-बंद होईल. ४३ फुटांची दुसरी घंटा कशी जोडायची, हे मुलांनाच ठरवू द्या.

पावसाळा सरल्यावर जमलं तर राधानगरीला सहल न्या. धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच जोरावर उघडतात, हे मुलांनी बातम्यांत ऐकलेलं असतं. बाटलीवर काम केलेली मुलं तिथं कितीतरी जास्त प्रश्न विचारतील.

प्रश्न : नात विचारते, कॉम्प्युटरला शून्य आणि एकच कळतं तर तो ३९ कसं लिहितो?
– एक आजोबा, शिवाजी पेठ

उत्तर : आजोबा, जुन्या लग्नपत्रिकांची सहा कार्डं कापा. त्यांवर डावीकडून ३२, १६, ८, ४, २, १ ठिपके काढा. आकडे लिहू नका, ठिपके मोजता आले पाहिजेत. मागची बाजू कोरी. उघडं कार्ड म्हणजे १, पालथं म्हणजे ०. मोठ्या कार्डापासून सुरुवात. ३२ बसतं, उरले ७. १६ आणि ८ पालथी, मग ४, २, १ उघडी. झालं १०० १११. तिला ४३ करायला सांगा, १०१ ०११ यायला हवं. नंतर विचारा, सहा कार्डांत सगळ्यांत मोठी संख्या कोणती? ६३. ६४ ला सातवं कार्ड किती ठिपक्यांचं लागेल, ते ती स्वतः सांगेल.

प्रश्न : कागदी भेटकार्डात बटण सेलवर लाल आणि पांढरा एलईडी लावला, पांढरा पेटतच नाही. आणि घरात धाकटा तीन वर्षांचा आहे, बटण सेल चालेल ना?
– शाहूपुरी

उत्तर : लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. शेजारी-शेजारी जोडले की लाल सेलचं व्होल्टेज खाली ओढून धरतो आणि पांढरा उपाशी राहतो. एकाच रंगाचे लावा. लांब पाय धनाकडे.

बटण सेल मात्र तुमच्या घरात नको. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं, आणि सुरुवातीला मूल खेळतंही. तशी नुसती शंका आली तरी उलटी काढू नका, वाट बघू नका. थेट सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. कार्डासाठी दोन पेन्सिल सेल वापरा. हे सेल जास्त प्रवाह देतात, म्हणून लाल एलईडीबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर जोडा. होल्डर स्क्रूच्या झाकणाचा घ्या.