बारा दिवसांच्या इटलीसाठी पीककर्ज उचलू नका

प्रश्न: आमची रावेर तालुक्यात केळी आहे, यंदा मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या लागवडीची, पाच हजार खोडं. मुलगी पुण्यात समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करते, शेवटचं वर्ष. कॉलेज सप्टेंबरात विद्यार्थ्यांना बारा दिवस इटलीतल्या त्रिएस्ते शहरात, तिथली मानसिक आरोग्य केंद्रं बघायला नेणार आहे. खर्च २,४०,००० रुपये. व्हिसा, विमा, वरखर्च वेगळा. ८०,००० चा पहिला हप्ता २० जूनपर्यंत, तो परत मिळणार नाही. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी साडेतीन लाखांची एफडी ठेवली आहे, ती मार्चमध्ये सुटते. बचत खात्यात ९०,००० आहेत. पोरीने शाळेत अर्धवेळ काम करून ४५,००० साठवलेत, घरच्यांची ६०,००० ची भिशी जुलैत लागेल. सोसायटीचं पीककर्ज आता मिळेल, त्यातून भरावं असं मला वाटतं. घरचे म्हणतात, सहा तोळे सोनं तारण ठेवा. पाठवावं का, आणि कशातून?

भाऊ, पोरीला पाठवा. पण पीककर्जातून नाही, आणि सोन्यालाही हात लावू नका.

आधी पीककर्जाचं बोलतो, कारण तुमचा कल तिकडेच आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, म्हणूनच तो मोडू नये. हा पैसा खतं, ठिबक, मजुरी, झाडांना आधार यांच्यासाठी आहे. तो इटलीला गेला की खताच्या वेळी तुम्ही दुकानदाराकडे उधारीवर जाल, आणि ती उधारी शून्य टक्क्यांची नसते. त्यात कापणीच्या वेळी भाव पडला तर कर्ज थकेल, सवलत जाईल, पुढच्या वर्षी नवं कर्ज अडेल. बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचा भाव रोज बघणाऱ्या माणसाला मी काय सांगू? क्विंटलला दोन हजारांचा भाव आपण पाहिला आहे, आणि त्याच केळीला पाचशेसुद्धा मिळाले नाहीत असे दिवसही पाहिले आहेत. जूनची वावटळ आणि केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूरोग तर वेगळेच. कॉलेजच्या हप्त्याची तारीख मात्र ठरलेली आहे.

आता सहल खरंच किती कामाची, ते बघू. तुमच्या पोरीला या बारा दिवसांनी नोकरी मिळणार नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. त्रिएस्तेचे दिवस त्यात धरले जात नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवायला सांगितलं. त्यामुळे तिच्यासारख्या मुलींना वाव आहे, पण तिथेही आधी पदवी आणि प्रशिक्षण विचारतील. शिवाय त्रिएस्तेचे रुग्ण इटालियन बोलतात. ती तिथे समुपदेशन करणार नाही, फक्त बघणार आहे.

तरीही ‘पाठवा’ म्हणतो, कारण जे बघायला मिळेल ते तिच्या गावाच्या कामाचं आहे. १९७१ मध्ये फ्रांको बझाल्या नावाचे डॉक्टर त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी ते हळूहळू रिकामं करायला घेतलं. १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून कागदाच्या लगद्याचा मोठा निळा घोडा केला. तो दारातून मावेना, तेव्हा दार फोडून त्याला शहरात मिरवत नेलं. मे १९७८ मध्ये इटलीने कायदाच केला, क्रमांक १८०, आणि जुनी मनोरुग्णालयं बंद करत नेली. त्रिएस्तेत त्यांच्या जागी वस्तीजवळची, दिवसरात्र उघडी असणारी केंद्रं आली आणि रुग्णांना पगारी काम देणाऱ्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. आता आपल्याकडे बघा. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. रावेरचा रुग्ण येरवड्याला नेता नेता घर थकून जातं. मोठी इमारत नसताना गावाजवळ माणूस कसा सांभाळायचा, हे ज्या शहराने करून दाखवलं, ते आपल्याकडच्या पोरीने डोळ्यांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच कॉलेजकडून रोजचं वेळापत्रक लेखी मागा. येण्या-जाण्याचे दोन दिवस आणि व्हेनिस-बिनिसचे तीन-चार दिवस वजा करून केंद्रांमध्ये प्रत्यक्ष किती दिवस, ते मोजा. पाचपेक्षा कमी निघाले तर ही अभ्यासाच्या नावाची पर्यटन सहल आहे, आणि मग माझं उत्तर ‘नको’ असं आहे. सोबत मराठी किंवा इंग्रजीत समजावणारा दुभाषा आहे का, श्रेयांक गुणपत्रिकेवर येतील का, हेही विचारा.

आता हिशेब. कॉलेजचे २,४०,०००. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर सेवाशुल्क, किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा आणि मुंबईच्या फेऱ्या मिळून ३०,००० धरा. वरखर्चाला रोज ४० युरो म्हटले तर युरो शंभराच्या वर असल्याने ५०,००० जातात. राहण्याच्या जागी स्वयंपाकघर असेल तर भाकरीचं पीठ, मेतकूट, शेवभाजीचा मसाला घेऊन पोरगी ३५,००० त भागवेल. एकूण ३,०५,०००. त्यातून तिचे ४५,००० आणि घरच्या भिशीचे ६०,००० वजा केले की राहतात २,००,०००.

हे दोन लाख एफडी न मोडता, एफडीवर कर्ज घेऊन उभे करा. मुदतीआधी मोडली तर व्याज कापून मिळतं, तेही सगळ्या साडेतीन लाखांवर. एफडीवरच्या कर्जाचा दर साधारणपणे एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. दोन लाखांवर मार्चपर्यंतचा जास्तीचा भार फार तर दीड ते तीन हजार. मार्चच्या आधी केळीची कापणी झाली आणि भाव मिळाला तर त्यातून फेडून टाका. नाहीतर मार्चमध्ये एफडी सुटेल तेव्हा तिच्यातूनच कर्ज वळतं होईल आणि पोरीच्या पुढच्या प्रशिक्षणाला सुमारे दीड लाखच उरतील. ही गोष्ट तिला आत्ताच, हप्ता भरण्याआधी, समोर बसवून सांगा. तिला ती चालत असेल तरच पुढे जा. बचत खात्यातले ९०,००० जसेच्या तसे राहू द्या, घरात कुणी आजारी पडलं तर तेवढेच हाताशी आहेत. सोनंही त्याच कारणासाठी घरात ठेवा.

टीसीएसबद्दल, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या आयकराबद्दल, नक्की विचारा. सहल प्रवासी कंपनीच्या पॅकेजमधून असेल तर पहिल्या रुपयापासून टीसीएस आकारला जातो. तो २,४०,००० मध्ये धरला आहे का? तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे तुम्ही विवरणपत्र भरत नसाल, पण यंदा भरा, नाहीतर तो परतावा मिळणार नाही.

राहिला व्हिसा. तो नाकारला गेला तर ८०,००० पैकी काय परत येईल, हे कॉलेजच्या लेटरहेडवर घ्या. अर्जासोबत तुमचा सातबारा, केळीविक्रीच्या पावत्या आणि बँकेचे व्यवहार जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, अधिकाऱ्यांना त्याचा संशय येतो. एफडीची पावतीच दाखवा. आणि पोरीच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने आहे ना, ते आज संध्याकाळीच फोन करून विचारून घ्या.