आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न: आम्ही बारा वर्षं तोक्योत, निशिकासाईला राहतो. मुलगी जपानी शाळेत अकरावीला आहे. दर रविवारी मैत्रिणींना घेऊन अराकावा नदीच्या काठी फिल्म करते. प्रत्येक वेळी आधी टाळी वाजवायची, मग शूटिंग; नुसता पोरखेळ. गणितात मार्क घसरले म्हणून मी कॅमेरा कपाटात कुलपात ठेवला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे कसं वळवू? मोठ्या स्टुडिओत नोकरी लागल्याशिवाय इथे दिग्दर्शक होता येत नाही, हे तिला पटत नाही.

उत्तर: गणिताचं नंतर पाहू. मला काळजी वाटते ती त्या कुलपाची.

टाळी हा पोरखेळ नाही. आवाज वेगळा रेकॉर्ड केला की तो चित्राशी जुळवावा लागतो. तळहात भिडतात ती फ्रेम आणि टाळीचा ठोका एकमेकांवर नेमके बसवले की पुढचं सगळं बोलणं ओठांशी जुळतं. हे ती या वयात शिस्तीने करते आहे. शिवाय त्या पोरींनी आपले रविवार तिच्या भरवशावर दिले आहेत. कॅमेऱ्याबरोबर तिने त्यांना दिलेला शब्दही तुम्ही कपाटात कोंडलात. ती बोलत नाही, यात मला नवल वाटत नाही.

स्टुडिओचं म्हणाल, तर ते एके काळी खरं होतं. साहाय्यक म्हणून लागायचं, वर्षानुवर्षं उमेदवारी करायची. टीव्हीने प्रेक्षक ओढून नेले आणि १९७०च्या दशकात स्टुडिओंनी ही भरती जवळजवळ थांबवली. मग तरुणांनी ८ मिलिमीटर फिल्मचे छोटे कॅमेरे उचलले. पदरमोड करून, मित्र जमवून केलेल्या अशा चित्रपटांना तिथे ‘जिशु एइगा’ म्हणतात. १९७७ साली सुरू झालेल्या पिया फिल्म फेस्टिव्हलने त्यांना पडदा दिला. दिग्दर्शक शिन्या त्सुकामोतो तिथूनच पुढे आले. त्या महोत्सवातल्या स्पर्धेला वयाची अट नाही आणि राष्ट्रीयत्वाचीही नाही, म्हणजे तुमच्या मुलीलाही दार उघडं आहे.

पैशांची भीती वाटत असेल, तर ती मात्र रास्त आहे. शिनइचिरो उएदा यांचा सुमारे ३० लाख येनांत झालेला झोम्बीपट २०१८ मध्ये तोक्योतल्या दोन थिएटरांत लागला आणि पुढे तीनशेहून जास्त पडद्यांवर पोचला. पण तो अपवाद. बहुतेकांना पोटासाठी दुसरं काम करावंच लागतं. हे तिला जरूर सांगा, पण कॅमेरा हातात देऊन सांगा.

इंजिनिअरिंगचे मार्ग, तिथली सामायिक परीक्षा किंवा इकडची जेईई, तुम्हाला ठाऊकच आहेत. बारावीनंतर लगेच कायमचा फैसला करायची गरज नाही. दिग्दर्शक र्‍युसुके हामागुची आधी तोक्यो विद्यापीठात शिकले, मग तोक्यो कला विद्यापीठात चित्रपटाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेले.

आज संध्याकाळी कुलूप काढा. रविवारी तिच्याबरोबर नदीवर जा. काठावर वारा असतो. माइक धरायला माणूस हवाय का, तेवढं तिला विचारा.