आधी पत्ता, मग शाळा: जर्मनीला येणाऱ्या पालकांची प्रश्नोत्तरे

पुणे-मुंबईहून स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टला येणारी कुटुंबं वाढली तशी पत्रंही वाढली, पण प्रश्न तेच राहिले. कोणाच्या तरी मावसभावाने बर्लिनमध्ये काय केलं ते ऐकून लोक म्युनिकमध्ये तसंच करायला जातात आणि अडकतात. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. राज्यं सोळा, आणि नियमही सोळा तऱ्हांचे. म्हणून पुढचं कोणतंही उत्तर वाचताना आपलं राज्य कोणतं, हे आधी बघा.

मुलगी सहा वर्षांची आहे. म्युनिकमध्ये चांगली शाळा आधी पक्की करून मग त्या भागात घर घ्यावं, असा विचार आहे. प्रवेश इथूनच ऑनलाइन घेता येईल का? (वाकड, पुणे)

नाही. सरकारी प्राथमिक शाळेत, म्हणजे ग्रुंडशूलमध्ये, 'प्रवेश घेणं' असा प्रकारच नसतो. बव्हेरियात प्रत्येक रस्ता कोणत्या ना कोणत्या शाळेच्या हद्दीत येतो आणि तुमच्या पत्त्यावरून शाळा ठरते. घर मिळालं, घरमालकाचं पत्र घेऊन आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, केलं, की त्या शाळेत जायचं. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियाने या हद्दी २००८ मध्ये काढून टाकल्या. तिथे पालक शाळा निवडू शकतात, पण गर्दी झाली तर जवळ राहणाऱ्या मुलाचंच आधी. वेबसाइटवरचे तारे मोजत बसू नका. मूल चालत जाऊ शकेल आणि दुपारनंतर होर्टमध्ये, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरात, जागा मिळेल असा भाग शोधा. आईवडील दोघं नोकरी करणार असाल तर शाळेपेक्षा ही जागाच अवघड. पहिलीच्या मुलांना २०२६-२७ पासून पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतो आहे, तरी नगरपालिकेला आधीच लिहून विचारा.

सरकारी शाळेत फी किती? (नाशिक)

शून्य. जेवण, सहली, वह्या यांचा खर्च वेगळा.

मुलगा इथे तिसरीत आहे. फ्रँकफर्टच्या शाळेने ई-मेलवर सांगितलं की त्याला बहुधा दुसरीत बसवतील. त्याचं वर्ष वाया जाईल. तक्रार कोणाकडे करायची? (ठाणे)

कोणाकडेच नाही. दुसरीत बसवत असतील तर आनंदाने बसवा. आपल्याकडे वर्ष 'वाया' जाण्याची जी धास्ती आहे, ती इथे कोणालाही समजत नाही. आबिटूर ही शाळान्त परीक्षा राज्यानुसार बारा किंवा तेरा वर्षांनी होते आणि एकोणीस वर्षांची मुलं ती देतात. तुमच्या मुलासाठी ते एक वर्ष म्हणजे चौथीनंतर कोणत्या प्रकारच्या शाळेत जायचं या निर्णयाआधी जर्मन शिकायला मिळालेला जास्तीचा वेळ आहे. भाषा नसलेल्या मुलांसाठी हेसेनमध्ये 'इंटेन्झिव्हक्लासे' असते. ती शाळेत आहे की शेजारच्या शाळेत, आणि किती काळ, एवढंच विचारून घ्या.

कंपनी दोन वर्षं आंतरराष्ट्रीय शाळेची फी देणार आहे. शाळेचा माणूस रोज फोन करतो, 'दोनच जागा उरल्यात, नोंदणी शुल्क आज भरा'. काय करावं? (हिंजवडी)

आज काहीही भरू नका. 'दोनच जागा' हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे.

आधी नवराबायकोने बसून एकाच प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं: दोन वर्षांनी परत जाणार की राहणार? खरोखर परत जाणार असाल तर इंग्रजी शाळा ठीक. राहण्याची जराशीही शक्यता असेल तर हिशेब उलटा होतो. तिसऱ्या वर्षी कंपनी हात काढून घेते. फी साधारण वर्षाला पंधरा ते पंचवीस हजार युरो, दोन मुलं असतील तर दुप्पट. आणि मूल दोन वर्षं जर्मनीत राहूनही जर्मन न येणारं, म्हणजे सरकारी शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फीच्या तीस टक्के, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० युरो, करातून वजावट म्हणून मिळतात. 'सगळी फी करमुक्त' असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. ही शाळा राज्याने सरकारी शाळेच्या बरोबरीची मानलेली आहे का. नसेल तर तुमच्या मुलाची शिक्षणसक्ती तिथे पूर्ण होते की वेगळी परवानगी लागते? आणि आयबी डिप्लोमा, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळांची शाळान्त परीक्षा, जर्मन विद्यापीठांना चालतो तो विषयांच्या ठरावीक जुळणीवरच, ती जुळणी ही शाळा देते का? बर्लिनमध्ये सरकारी द्विभाषिक शाळाही आहेत, फी नाही, पण जागा थोड्या. कराचं तुमच्या कर सल्लागाराला विचारा, शाळेच्या विक्रेत्याला नको.

नवरा दीड वर्षापासून स्टुटगार्टला आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरी-परवाना). मी आणि मुलगा (आठवी, इंग्रजी माध्यम) पुण्यात. घरचे म्हणतात, 'दहावी होऊ दे, बोर्डाचं सर्टिफिकेट हातात येऊ दे, मग जा'. पटतंय, पण खात्री वाटत नाही. (कोथरूड, पुणे)

या एका प्रश्नासाठी मी हे सदर चालवते म्हटलं तरी चालेल.

ताई, दहावीपर्यंत थांबू नका. घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण दहावीचं जे वजन त्यांच्या मनात आहे ते जर्मनीत नाही. ते प्रमाणपत्र इथे आणलं की त्याची तुलना होते, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये हे काम स्टुटगार्टच्या विभागीय प्रशासनाकडे आहे. त्यातून फार तर शालेय पातळीची समकक्षता मिळेल. विद्यापीठाचं दार त्याने उघडत नाही.

आता सोळाव्या वर्षी आलेल्या मुलाचं काय होतं ते बघा. गणितात हुशार, इंग्रजी उत्तम, जर्मन शून्य. गिम्नाझियमच्या, म्हणजे आबिटूरकडे नेणाऱ्या शाळेच्या, वरच्या वर्गांत इतिहासावर जर्मनमधून पानंच्या पानं लिहायची असतात. आबिटूरसाठी दुसरी परदेशी भाषा लागते, आणि त्याची हिंदी-संस्कृत त्या जागी चालेल की नाही हे इथलं खातं ठरवतं. मग अशा मुलाला बहुतेकदा व्यावसायिक शाळेतल्या 'व्हाबो' वर्गात, म्हणजे जर्मन न येणाऱ्यांच्या तयारीच्या वर्गात, पाठवतात. तो वर्ग वाईट नाही, तिथले शिक्षक मनापासून शिकवतात. पण तुम्ही दहावीला नव्वद टक्क्यांसाठी क्लास लावला होता तो यासाठी नव्हे. तिथून वर चढणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची तीन-चार वर्षं मात्र त्यात जातात, आणि त्या वयात मित्र नसलेला मुलगा खोलीचं दार लावून बसतो ते वेगळंच.

दुसरा पर्याय बारावी भारतातच करण्याचा. तोही धरण्यासारखा आहे, पण पूर्ण धरा. बारावीनंतर इथल्या विद्यापीठात यायचं तर एपीएसचं, म्हणजे भारतीय कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र लागतं. शिवाय जेईई अ‍ॅडव्हान्स्ड किंवा भारतातल्या मान्य महाविद्यालयातलं यशस्वी एक वर्ष. नाहीतर इथे श्टूडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम, करून परीक्षा. आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. इथे आबिटूर केलेल्याला ते लागत नाहीत. मुलगा स्वतःच आयआयटीच्या मागे असेल, तर त्याला राहू द्या. पण दहावी तिकडे आणि अकरावी इकडे हा मधला मार्ग म्हणजे तेल गेलं, तूप गेलं.

व्हिसाचंही ऐका. सोळा पूर्ण झाल्यावर आईवडिलांच्या मागाहून येणाऱ्या मुलाला सी-१ पातळीचं, म्हणजे जवळजवळ अस्खलित, जर्मन किंवा इथे रुळण्याची खात्री दाखवावी लागू शकते. ब्लू कार्डवाल्यांच्या मुलांना यातून सूट आहे. पण मधल्या काळात नवऱ्याचा परवाना बदलला तर? हे वाणिज्य दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर आठवी संपताच निघाले असते. आजपासून मॅक्स म्युलर भवनात किंवा चांगल्या शिक्षकाकडे जर्मन सुरू करा, रोज, ए-२ या प्राथमिक पातळीपर्यंत तरी. सप्टेंबरच्या मध्यावर तिथली शाळा सुरू होते, ती गाठा. नवऱ्याला या महिन्यातच स्टुटगार्टच्या शूलआम्टमध्ये, म्हणजे शिक्षण कार्यालयात, मुलाची गुणपत्रकं घेऊन पाठवा. कोणत्या शाळेत तयारीचा वर्ग आहे, तिथून गिम्नाझियममध्ये किती मुलं गेली, हे त्याने तोंडावर विचारावं. कार्यालय मोफत सांगतं. तो दीड वर्ष तिथे आहे आणि अजून गेलेला नाही, हे मी न विचारताही सांगू शकते.

एका सल्लागाराने १,२०० युरोत गिम्नाझियमची 'हमी' दिली आहे. मुलगी चौथीत आहे. (म्युनिक)

हमी देणारा फसवतो आहे. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यातल्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते (इथे १ सर्वांत चांगला). रेआलशूलसाठी, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेसाठी, २.६६. नसेल तर चाचणी-वर्ग असतात. कोणी सल्लागार यात काही करू शकत नाही. शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास ४' चाचणी आणि पालकांची इच्छा यांपैकी दोन जुळावं लागतं. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात शेवटचा शब्द पालकांचा. बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळाच सहावीपर्यंत. एकाच देशात चार रीती, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच नियम पाठ!

रेआलशूलमधून पुढे आबिटूरपर्यंत जाता येतं, रोज मुलं जातात. वर्गशिक्षिकेची वेळ घ्या आणि मुलीला कुठे झेपेल ते तिलाच विचारा. राज्याची शालेय सल्ला केंद्रंही आहेत, मोफत.

जर्मन शाळा सोडून घरीच भारतीय बोर्डाची ऑनलाइन शाळा चालेल का? (ड्युसेलडॉर्फ)

चालणार नाही. शाळेत जाणं इथे सक्तीचं आहे आणि घरी शिकवणं हा पर्याय नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २०१९ मध्ये एका जर्मन कुटुंबाच्या प्रकरणात सरकारची बाजू धरली. दंडाची पत्रं यायला सुरुवात झाली असेल तर वकील गाठा.

डिसेंबरमध्ये सख्ख्या दिराचं लग्न. सुट्टी लागण्याआधी दहा दिवस मुलाला नेलं तर? आजारी म्हणून कळवू? (नागपूरचे, सध्या ऑग्सबुर्ग)

खोटं कळवू नका. सुट्टीला जोडून गैरहजेरी म्हणजे शाळेच्या डोळ्यावर येतंच. बव्हेरियात २०१८ मध्ये पोलिसांनी विमानतळावर अशी कुटुंबं पकडली होती. लग्नपत्रिका जोडून मुख्याध्यापकांना आत्ताच अर्ज करा. एक-दोन दिवस मिळतील. दहा मिळणार नाहीत.

आता घरी मराठी बंद करून जर्मनच बोलावं, असं शेजारीण सांगते. (कार्ल्सरूह)

तुमचं जर्मन ए-२. ते मुलाने तुमच्याकडून शिकू नये. घरी मराठीच बोला, गोष्टी मराठीत सांगा. जर्मन किटा, म्हणजे बालवाडी, आणि शाळा शिकवेल. मुलगा चार वर्षांचा होऊनही कोणत्याच भाषेत वाक्य जोडत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, 'दोन भाषांमुळे होतं' म्हणत थांबू नका.

लसीकरणाची कोणती कागदपत्रं लागतात? (सातारा)

गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा. मार्च २०२० पासून शाळा आणि किटाला हा पुरावा मागावाच लागतो. भारतातलं एमआर किंवा एमएमआर कार्ड, त्यावर तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का, वाचता येईल असं. आजीच्या घरी राहिलेलं कार्ड आधी आणा. पहिली मात्रा नवव्या महिन्यातली असेल तर ती मोजली जाईल का, हे इथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. मोठ्या शहरांत त्यांच्याकडे नवे रुग्ण घेणं अनेकदा बंद असतं, तेव्हा उतरल्याच्या आठवड्यातच फोन सुरू करा.