ग्लायडर शिकताना स्पिनचा सराव खरंच लागतो का?

तुम्ही ऐरोलीचे, सोलो (एकट्याचं पहिलं उड्डाण) तोंडावर आलाय, आणि विचारताय की ग्लायडर सहसा स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली कोसळणं) जात नाही, मग मुद्दाम तिथे कशाला न्यायचं?

जरूर न्या, आणि सोलोच्या आधी न्या. एएसके-२१ ही शिकवायची दोनसीटर सहजी स्पिनमध्ये जात नाही हे खरंय, सरावासाठी तिच्या शेपटीला वजनं लावावी लागतात. पण उद्या हाती येणारं एकसीटर तेवढं सोशिक असेलच असं नाही.

घात होतो तो फायनल टर्नमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात. उंची कमी पडलेली असते, बँक (पंखांचा कल) वाढवायची भीती वाटते, म्हणून पाय नकळत वळणाच्या आतल्या बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक फिरवायला बघतो. त्याने बँक वाढायला लागते, की दांडी (कंट्रोल स्टिक) उलट बाजूला जाते. जमीन जवळ दिसते, की दांडी मागे. आतला पंख आधी स्टॉल होतो (उचल गमावतो) आणि ग्लायडर गिरकी घेतं. खाली उरलेले असतात जेमतेम शंभर-दीडशे मीटर. तिथे सुटकेचा क्रम तोंडपाठ असूनही वेळ उरत नाही. म्हणून आधीची खूण अंगात मुरायला हवी.

माझ्या सरांनी हेच वळण भरपूर उंचीवर करून दाखवलं होतं. वाऱ्याचा आवाज बसला. दांडी सैल लागायला लागली. कॅनोपीवरचा (वरच्या काचेवरचा), वारा सरळ येतोय का ते दाखवणारा लोकरीचा धागा एका बाजूला कलला. पुढच्या क्षणी पंख पडला, समोर नुसती शेतं फिरत होती, आणि माझा हात दांडी मागे ओढत होता! सर मागून ओरडले, "ओढू नको, पुढे दे." पुस्तकात शंभरदा वाचलेलं त्या दिवशी हाताला कळलं.

स्पायरल डाइव्हही शिकून घ्या, दिसायला दोन्ही सारखेच वाटतात. स्पिनमध्ये वेग कमीच राहतो. स्पायरलमध्ये तो झपाट्याने वाढतो आणि अंग सीटमध्ये दाबलं जातं. तिथे आधी पंख सरळ, मग दांडी मागे. उड्डाणावेळी ग्लायडर वर ओढणारी विंचची केबल तुटली तर नाक खाली, वेग येऊ द्यायचा, मगच वळण.

मी अजूनही हडपसरला ग्लायडिंगसाठी निघायच्या आदल्या रात्री नेरुळच्या घरी खुर्चीत डोळे मिटून बसतो: दांडी मधोमध, उलटा रडर पूर्ण, दांडी पुढे, गिरकी थांबली की रडर सरळ, मग हळूच वर. तुमच्या ग्लायडरच्या मॅन्युअलमधला क्रम बघून तोच घोटा. आणि सरांना नुसतं "स्पिन दाखवा" म्हणू नका, "फायनल टर्नमधून होतो तो दाखवा" म्हणा.